टॅक्सॉल आणि जखमी रक्तवाहिनी : नंदुरबारच्या एका रसायनज्ञाच्या शोधाचा मागोवा

१. विषयप्रवेश

रसायनशास्त्राच्या इतिहासात डॉ. मनसुख वाणी यांचे नाव कॅम्प्टोथेसिन आणि टॅक्सॉल या दोन वनस्पतिज द्रव्यांच्या शोधाशी कायमचे जोडले गेले आहे. वाणी यांचा जन्म २० फेब्रुवारी १९२५ रोजी नंदुरबार येथे झाला. त्या काळी नंदुरबार हे मुंबई इलाख्यातील पश्चिम खानदेश जिल्ह्याचे तालुक्याचे गाव होते. जिल्ह्याचे मुख्य ठाणे धुळे येथे होते, आणि नंदुरबारचा स्वतंत्र जिल्हा होण्यास १ जुलै १९९८ हा दिवस उजाडावा लागला. ११ एप्रिल २०२० रोजी वाणी यांचे अमेरिकेत निधन झाले.

ही दोन्ही द्रव्ये सर्वसाधारण वाचकास कर्करोगावरील औषधे म्हणून परिचित आहेत. तथापि टॅक्सॉलचा आणखी एक उपयोग झाला आणि त्याकडे आपल्याकडील अभ्यासकांचे लक्ष त्या मानाने कमी गेले आहे. रक्तवाहिनीला इजा झाली असता तिच्या भिंतीतील अरेखित स्नायुपेशी प्रमाणाबाहेर वाढतात व वाहिनीचा मार्ग पुन्हा अरुंद करतात. ही वाढ आवरण्यासाठी वापरल्या गेलेल्या दोन प्रमुख द्रव्यांपैकी टॅक्सॉल हे एक होय. झाडाच्या सालीतून मिळालेले कर्करोगाचे औषध हृदयाच्या धमनीपर्यंत कसे पोहोचले, या प्रवासात कोणाचे श्रेय किती, आणि हाती आलेले यश कितपत टिकले, या तीन प्रश्नांचा विचार प्रस्तुत लेखात करावयाचा आहे.

२. धमनीची जखम : प्रश्न कसा निर्माण झाला

धमनीच्या भिंतीचे तीन स्तर असतात. रक्ताला लागून असलेला अंतःस्तर हा चपट्या पेशींच्या एकेरी अस्तराने मढविलेला असतो. त्याबाहेरील मध्यस्तरात अरेखित स्नायुपेशी असतात, आणि सर्वांत बाहेर संयोजी ऊतकाचे वेष्टन असते. निरोगी अवस्थेत मध्यस्तरातील स्नायुपेशी क्वचितच विभागतात. वाहिनी आकुंचित करणे व सैल सोडणे हेच त्यांचे नित्याचे काम. मात्र आतील अस्तर खरवडले गेले, तर या पेशींचे वर्तन पालटते. त्या आकुंचनाचे काम सोडून देतात, अंतःस्तराकडे सरकतात, तेथे वारंवार विभागतात आणि स्वतःभोवती तंतुमय द्रव्य निर्माण करतात. वस्तुतः हा जखम भरण्याचाच प्रकार आहे. पण त्वचेवर वाढलेला व्रण केवळ विरूप दिसतो. तीन मिलिमीटर व्यासाच्या धमनीत तसाच व्रण वाढला, तर रक्ताची वाट अडते.

पेशी असे का वागतात, याचे पहिले समाधानकारक विवेचन सिअ‍ॅटल येथील रसेल रॉस व जॉन ग्लॉमसेट यांनी १९७३ व १९७६ साली केले. इजेला दिलेला प्रतिसाद म्हणून धमनीकाठिण्य सुरू होते, असे त्यांचे प्रतिपादन होते. १९७४ साली रॉस व त्यांच्या सहकाऱ्यांनी असेही दाखविले की, रक्तातील बिंबाणूंमधून बाहेर पडणारे एक द्रव्य स्नायुपेशींच्या विभाजनास चालना देते. अस्तर फाटले म्हणजे बिंबाणू तेथे चिकटतात व हे द्रव्य सोडतात. येणेप्रमाणे इजा आणि पेशीवाढ यांच्यामधला एक दुवा सापडला.

प्रयोगशाळेतील हा प्रश्न लवकरच रुग्णशय्येजवळ येऊन ठेपला. १६ सप्टेंबर १९७७ रोजी झुरिक येथे आंद्रेआस ग्रुंटझिग यांनी अरुंद झालेल्या हृद्धमनीत सूक्ष्म नळीच्या टोकावरील फुगा फुगवून ती रुंद केली. छाती न उघडता धमनी मोकळी करण्याचा हा मार्ग जगभर पसरला. परंतु फुगा धमनी रुंद करतो तो तिला फाडूनच. अस्तर निघते, मध्यस्तराला चिरा पडतात, आणि भिंत आपल्या जुन्या पद्धतीने ही जखम भरू लागते. परिणामी सुमारे तीस ते चाळीस टक्के रुग्णांत पहिल्या सहा महिन्यांतच धमनी पुन्हा अरुंद होऊ लागली. उपाय यशस्वी झाला, पण त्याच उपायाने नवा आजार निर्माण केला.

हा आजार आवरण्याचे पहिले प्रयत्न पोटातून किंवा शिरेतून दिलेल्या औषधांचे होते. क्लाउझ व कार्नोव्हस्की यांनी १९७७ साली दाखविले की, हेपॅरिनमुळे उंदराच्या जखमी धमनीतील स्नायुपेशींची वाढ कमी होते. १९८९ साली सिलाझाप्रिल या रक्तदाबावरील औषधाविषयी तसाच निष्कर्ष आला. परंतु माणसांवरील चाचण्यांत ही आशा फोल ठरली. सिलाझाप्रिलच्या मोठ्या युरोपीय चाचणीचे १९९२ साली प्रसिद्ध झालेले फलित नकारात्मक होते. याची दोन कारणे पुढे स्पष्ट झाली. उंदराला त्याच्या वजनाच्या मानाने पुष्कळ मोठी मात्रा देता येते, तितकी माणसाला देता येत नाही. शिवाय माणसाची धमनी केवळ पेशीवाढीने अरुंद होत नव्हती. ताणलेली भिंत मागे येऊनही ती आक्रसत होती.

दुसऱ्या कारणावर उपाय सापडला तो धातूच्या जाळीदार नळीचा, म्हणजेच स्टेंटचा. १९८६ साली तूलूझ येथे जाक प्युएल यांनी आणि लोझान येथे उलरिश सिगवार्ट यांनी हृद्धमनीत पहिले स्टेंट बसविले. १९९४ साली दोन चाचण्यांचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. युरोपातील चाचणीत पुन्हा अरुंद होण्याचे प्रमाण ३२ टक्क्यांवरून २२ टक्क्यांवर आले, तर अमेरिकेतील चाचणीत ते ४२.१ वरून ३१.६ टक्क्यांवर आले. जाळीमुळे भिंत मागे येणे थांबले. पण जाळीचे दांडे भिंतीत रुतत असल्याने इजा कायम राहिली, आणि जाळीच्या छिद्रांमधून स्नायुपेशी आत वाढू लागल्या. आता उरलेला प्रश्न जवळजवळ शुद्ध स्वरूपात समोर होता : पेशींची ही वाढ थांबवावयाची कशी?

३. साल आणि रेणू : नंदुरबारचा रसायनज्ञ

या प्रश्नाचे उत्तर ज्या द्रव्याने दिले, त्याचा जन्म या प्रश्नाच्या कितीतरी आधी झालेला होता.

मनसुख वाणी यांनी मुंबई विद्यापीठाची बी. एस्सी. पदवी १९४७ साली व एम. एस्सी. १९५० साली संपादन केली. पुणे विद्यापीठाची स्थापना १९४९ सालची. त्यापूर्वी खानदेशातील विद्यार्थ्याला उच्च विज्ञानशिक्षणासाठी मुंबई विद्यापीठाचाच आश्रय घ्यावा लागे. पुढे ते अमेरिकेस गेले, इंडियाना विद्यापीठाची डॉक्टरेट त्यांनी मिळविली आणि १९६२ साली नॉर्थ कॅरोलायना राज्यातील रिसर्च ट्रँगल इन्स्टिट्यूट या संस्थेत ते रुजू झाले. तेथे मन्रो वॉल यांनी वनस्पतिज द्रव्यांच्या अभ्यासाची प्रयोगशाळा उभारली होती.

त्या सुमारास अमेरिकेची राष्ट्रीय कर्करोग संस्था हजारो वनस्पतींचे नमुने गोळा करून त्यांतील पेशीनाशक गुण तपासण्याचा मोठा उपक्रम चालवीत होती. त्याच उपक्रमात, कृषिखात्याचे वनस्पतिशास्त्रज्ञ आर्थर बार्क्ले यांनी २१ ऑगस्ट १९६२ रोजी वॉशिंग्टन राज्यातील एका अरण्यातून पॅसिफिक यू या वृक्षाची साल व अन्य भाग जमविले. हिमालयात ज्याला थुनेर म्हणतात, तो वृक्ष याच प्रजातीतला होय. सालीचा अर्क पेशींना मारक ठरला व त्यातील क्रियाशील द्रव्य अलग करण्याचे काम वॉल व वाणी यांच्याकडे आले.

हे काम किती कष्टाचे होते, याची कल्पना एका आकड्यावरून येईल. सुमारे बारा किलोग्रॅम वाळलेल्या सालीतून हाती आलेले शुद्ध द्रव्य सुमारे अर्धा ग्रॅम होते. वेगवेगळ्या द्रावकांत अर्काची वाटणी करावयाची, प्रत्येक अंशाची पेशींवर व प्राण्यांवर परीक्षा घ्यावयाची, ज्यात गुण आढळेल तो अंश पुन्हा विभागावयाचा, हा क्रम वर्षानुवर्षे चालला. १९६७ साली वॉल यांनी या द्रव्यास टॅक्सॉल हे नाव दिले. वृक्षाच्या प्रजातीचे नाव आणि रेणूतील अल्कोहोल गट या दोहोंचा त्यात निर्देश आहे. रेणू इतका गुंतागुंतीचा होता की त्याची रचना सरळ सापडेना. तेव्हा त्याचे तुकडे करून त्यांच्या स्फटिकांवर क्ष-किरणांचा प्रयोग करावा लागला. १९७१ साली प्रसिद्ध झालेल्या निबंधावर वाणी यांचे नाव प्रथम आहे. त्यापूर्वी १९६६ साली याच प्रयोगशाळेने कॅम्प्टोथेसिनची रचना प्रसिद्ध केली होती.

निबंध प्रसिद्ध झाला, पण द्रव्याचे भवितव्य मात्र अनिश्चितच राहिले. ते पाण्यात विरघळत नव्हते आणि झाडे तोडल्याखेरीज मिळत नव्हते. त्याकडे नव्याने लक्ष वेधले गेले ते १९७९ साली. न्यूयॉर्क येथील सुसान हॉर्विट्झ व त्यांच्या सहकाऱ्यांनी त्याची कार्यपद्धती उलगडली. पेशीच्या अंतर्भागात प्रथिनांच्या सूक्ष्म नलिका असतात. पेशी विभागताना व सरकताना या नलिका सतत जुळत व सुटत असतात. कॉल्चिसिनसारखी द्रव्ये नलिका जुळूच देत नाहीत. टॅक्सॉलची रीत याच्या उलट. ते नलिका जुळवते आणि मग सुटू देत नाही. बांधकामाची पहाड उभी राहावी पण उतरविता येऊ नये, तशी पेशीची अवस्था होते आणि तिचे विभाजन मध्येच अडकते.

डिसेंबर १९९२ मध्ये अमेरिकेच्या औषध प्रशासनाने अंडाशयाच्या कर्करोगासाठी या औषधास मान्यता दिली. टॅक्सॉल हे नाव औषध कंपनीचे व्यापारचिन्ह झाले आणि द्रव्यास पॅक्लिटॅक्सेल हे नवे सामान्य नाव मिळाले. झाडांच्या तोडीचा प्रश्न फ्रान्समधील प्येर पोतिए व अमेरिकेतील रॉबर्ट होल्टन यांच्या कामाने सुटला. युरोपीय यू वृक्षाच्या पानांतील एका पूर्वगामी द्रव्यापासून टॅक्सॉल बनविता येऊ लागले, आणि पाने खुडल्याने झाड मरत नाही.

४. दोन प्रवाहांचा संगम

धमनीच्या जखमेचा अभ्यास आणि सालीतील द्रव्याचा अभ्यास हे दोन प्रवाह १९९५ सालापर्यंत स्वतंत्रपणे वाहत होते. त्या वर्षी बाल्टिमोर येथील स्टीव्हन सॉलॉट व त्यांच्या सहकाऱ्यांनी उंदराच्या मानेतील धमनीला फुग्याने इजा करून टॅक्सॉल देऊन पाहिले. अंतःस्तरात साचणाऱ्या स्नायुपेशींचे प्रमाण स्पष्टपणे घटले. विशेष म्हणजे, त्यासाठी रक्तात लागलेली औषधाची पातळी कर्करोगाच्या उपचारातील पातळीच्या सुमारे शतांश होती. याचे कारण वर सांगितलेल्या कार्यपद्धतीतच आहे. सूक्ष्म नलिका विभाजनाला जशा लागतात, तशाच पेशीला जागा सोडून सरकण्यासही लागतात. एकाच द्रव्याने दोन्ही क्रिया खुंटल्या. १९९७ साली ट्यूबिंगेन येथील संशोधकांनी मानवी धमनीच्या पेशींवर हाच परिणाम दाखविला, आणि औषध थेट जखमेच्या जागी पोहोचविण्याचा मार्गही सुचविला.

हेपॅरिन व सिलाझाप्रिल जेथे अडखळले, तेथे आता मार्ग निघाला. औषध सर्व शरीरात पसरविण्याऐवजी ते स्टेंटच्या दांड्यांवरच लावावयाचे. टॅक्सस या नावाने आलेल्या स्टेंटवर दर चौरस मिलिमीटरला एक मायक्रोग्रॅम एवढेच पॅक्लिटॅक्सेल असे. १३१४ रुग्णांवरील चाचणीचा निष्कर्ष २००४ साली प्रसिद्ध झाला. नऊ महिन्यांनंतर धमनीचित्रणात पुन्हा अरुंद झालेल्या धमन्यांचे प्रमाण साध्या स्टेंटमध्ये २६.६ टक्के, तर औषधयुक्त स्टेंटमध्ये ७.९ टक्के आढळले. मार्च २००४ मध्ये अमेरिकेत या स्टेंटला मान्यता मिळाली.

या आधी एक वर्ष, एप्रिल २००३ मध्ये, सिरोलिमस किंवा रॅपामायसिन या द्रव्याच्या स्टेंटला तेथे मान्यता मिळाली होती. हे द्रव्य ईस्टर बेटावरील मातीतील एका सूक्ष्मजीवापासून मिळाले व त्याच्या शोधात सुरेंद्रनाथ सेहगल यांचा मोठा वाटा होता. सेहगल यांचा जन्म अविभाजित भारतातील, आज पाकिस्तानात असलेल्या एका खेड्यातला. जखमी धमनीवर वापरल्या गेलेल्या पहिल्या दोन्ही यशस्वी द्रव्यांच्या मुळाशी या उपखंडात जन्मलेल्या व परदेशात काम करणाऱ्या शास्त्रज्ञांचे श्रम असावेत, हा योगायोग असला तरी अर्थपूर्ण आहे. १९५० च्या पुढील दशकांत येथील पदवीधरांना संशोधनाच्या साधनांसाठी कोठे जावे लागले, याचा तो पुरावा होय.

५. यशाची दुसरी बाजू

टॅक्सॉल जखमेवरील व्रणाची वाढ रोखते, पण व्रण आणि बरे होणे यांत ते भेद करीत नाही. स्नायुपेशींप्रमाणेच अस्तराच्या पेशींचीही वाढ ते मंदावते. अस्तर नव्याने धरले नाही, तर धातूचे दांडे महिनोन्महिने रक्तात उघडे राहतात व त्यांवर गुठळी होण्याचा धोका राहतो. २००६ साली बार्सिलोना येथील हृद्रोग परिषदेत ही शंका जाहीरपणे मांडली गेली. परिणामी बिंबाणूंना आवर घालणारी दोन औषधे वर्षभर घेण्याचा सल्ला रूढ झाला. पुढे पातळ दांड्यांचे व सिरोलिमसच्या कुळातील द्रव्यांचे स्टेंट आले आणि त्यांनी हृद्धमनीतील पॅक्लिटॅक्सेल स्टेंटांची जागा घेतली.

पायाच्या धमन्यांत मात्र पॅक्लिटॅक्सेल लावलेल्या फुग्यांचा वापर वाढला. २०१८ च्या डिसेंबरात अनेक चाचण्यांच्या एकत्रित विश्लेषणातून असा निष्कर्ष पुढे आला की, अशा रुग्णांत काही वर्षांनंतर मृत्यूचे प्रमाण अधिक दिसते. २०१९ साली अमेरिकेच्या औषध प्रशासनाने सावधगिरीची सूचना दिली. अधिक काळाची माहिती जमल्यानंतर जुलै २०२३ मध्ये त्याच प्रशासनाने जाहीर केले की, उपलब्ध पुरावा अशा वाढीव धोक्याला पुष्टी देत नाही. एखादे द्रव्य वरदान की शाप, असा सरळ प्रश्न येथे लागू पडत नाही, हे या सर्व घटनाक्रमावरून दिसून येते. मात्रा, जागा आणि काळ या तिहींवर उत्तर अवलंबून असते, आणि ते मिळण्यास वर्षे लागतात.

६. तापीचे खोरे

आता पुन्हा नंदुरबारकडे वळू. तापीच्या खोऱ्यातून सुरतेस जाणारा लोहमार्ग नंदुरबारवरून जातो. त्याच मार्गाच्या टोकाशी असलेल्या सुरत शहरातील सहजानंद मेडिकल टेक्नॉलॉजीज या कारखान्याने पॅक्लिटॅक्सेल लावलेले इन्फिनियम नावाचे स्टेंट तयार केले. वाणी यांनी सालीतून काढलेले द्रव्य जगाला वळसा घालून त्यांच्या जन्मगावाच्या शेजारी परत आले, असे म्हणावयास हरकत नाही.

परंतु जवळ येणे आणि हाती येणे यांत अंतर असते. भारतात स्टेंटच्या किमती सामान्य कुटुंबाच्या आवाक्याबाहेर होत्या. जुलै २०१६ मध्ये शासनाने स्टेंटचा समावेश अत्यावश्यक औषधांच्या राष्ट्रीय सूचीत केला. त्यानंतर फेब्रुवारी २०१७ मध्ये साध्या स्टेंटची कमाल किंमत ७२६० रुपये व औषधयुक्त स्टेंटची २९,६०० रुपये ठरविण्यात आली. महाराष्ट्र शासनाची जीवनदायी आरोग्य योजना २०१२ साली आठ जिल्ह्यांत सुरू झाली. त्या आठांत धुळे होते, नंदुरबार नव्हते. पुढील वर्षी ती राज्यभर लागू झाल्यावर नंदुरबारचा तीत समावेश झाला.

या जिल्ह्यात रक्तवाहिनीच्या इजेचे आणखी एक रूप आढळते, व ते येथील लोकजीवनाशी अधिक निगडित आहे. सातपुड्यातील भिल्ल, पावरा आदी समाजांत सिकल सेल हा आनुवंशिक रक्तविकार मोठ्या प्रमाणावर आहे. या विकारात कोयत्यासारख्या वाकलेल्या ताठर रक्तपेशी वाहिनीच्या अस्तराला वारंवार इजा करतात. मेंदूकडे जाणाऱ्या मोठ्या धमन्या त्यामुळे अरुंद होतात, हे १९७२ साली धमनीचित्रणाने दाखविले गेले. त्या अरुंद भागाच्या सूक्ष्मदर्शकीय परीक्षणात अंतःस्तराची जाडी वाढलेली आणि तीत स्नायुपेशी शिरलेल्या आढळतात. म्हणजे फुग्याने झालेली इजा आणि वाकड्या रक्तपेशींनी झालेली इजा या दोहोंना धमनी एकाच भाषेत उत्तर देते.

मात्र येथे उपायाची दिशा निराळी आहे. १९९८ साली प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकी चाचणीत, धोका अधिक असलेल्या १३० मुलांपैकी ज्यांना नियमित रक्त दिले गेले, त्यांच्यात पक्षाघाताचे प्रमाण ९२ टक्क्यांनी कमी आढळले. वाढलेल्या पेशी आवरण्याऐवजी इजा करणाऱ्या रक्तपेशींचेच प्रमाण येथे घटविले गेले. १ जुलै २०२३ रोजी सुरू झालेल्या सिकल सेल निर्मूलनाच्या राष्ट्रीय मोहिमेचा भरही तपासणी व लवकर निदान यांवरच आहे. धडगाव-अक्कलकुव्याच्या पाड्यांवरील मुलाच्या धमनीस स्टेंटची गरज नाही. तिला इजा होण्यापूर्वी पोहोचणाऱ्या रक्ततपासणीची गरज आहे.

७. उपसंहार

वरील विवेचनातून काही निष्कर्ष निघतात. पहिला श्रेयाविषयी. वाणी यांनी धमनीसाठी संशोधन केले नाही, आणि धमनीवर टॅक्सॉल वापरणाऱ्यांनी ते शोधून काढले नाही. म्हणून ‘नंदुरबारच्या सुपुत्राने हृदयरोगावर औषध शोधले’ असे विधान करणे हा अभिमानाच्या भरात केलेला इतिहासाचा विपर्यास ठरेल. परंतु त्यांनी द्रव्य शुद्ध करून त्याची रचना निश्चित केली नसती, तर हॉर्विट्झ यांना त्याची कार्यपद्धती शोधता आली नसती, व ती माहीत नसती तर सॉलॉट यांना धमनीवरील प्रयोग सुचला नसता. साखळीतील पहिल्या कडीला शेवटच्या कडीची जाणीव असावी लागत नाही. वॉल व वाणी यांना २००० साली मिळालेला केटरिंग पुरस्कार कर्करोगावरील कार्यासाठी होता, आणि तेच उचित होय.

दुसरा निष्कर्ष वैद्यकाच्या गतीविषयी. प्रत्येक उपायाने पुढचा प्रश्न निर्माण केला : फुग्याने जखम, जाळीने पेशीवाढ, औषधाने अस्तराचा विलंब. यास अपयश म्हणता येणार नाही. पण ज्या उपायात इजा आधी करून मग ती आवरावयाची असते, त्याची मर्यादा मात्र ओळखली पाहिजे.

तिसरी गोष्ट आपल्या अभ्यासकांसाठी. स्थानिक इतिहासात किल्ले, सनदा व लढे यांची नोंद आपण आदराने घेतो. १९२० ते १९५० या काळातील शाळांची दाखलपुस्तके, महाविद्यालयांच्या वार्षिक नोंदी आणि परदेशी गेलेल्या विद्यार्थ्यांची कुटुंबांकडील पत्रे ही देखील या जिल्ह्याच्या इतिहासाची साधने आहेत. पश्चिम खानदेशातील मुलाच्या हाती रसायनशास्त्राचे पुस्तक कसे आले, याचा शोध एखाद्या पदव्युत्तर विद्यार्थ्याने घेतला, तर टॅक्सॉलच्या इतिहासाचे पहिले प्रकरण येथेच लिहिता येईल.